लेयर जुळत नाही? आधी तो पळून कुठं गेलाय ते बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, पलीकडं चंदगड, या सगळ्या पट्ट्यात क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या पोरांकडून एकच मेसेज फिरून फिरून येतो, फक्त पाठवणाऱ्याचं नाव बदलतं. "दादा, सर्व्हे नंबरचा लेयर टाकलाय पण सॅटेलाईटवर बसंना झालाय, काय करू?" कुणी विहिरींचे पॉइंट घेतलेले असतात, कुणी पाइपलाइन, कुणाचा कॉलेजचा प्रोजेक्ट, कुणाला भावकीच्या वाटणीसाठी नकाशा पाहिजे असतो. लेयर म्हणजे नकाशावर चढवलेला माहितीचा एक थर. कामं वेगळी पण दुखणं तेच, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

पहिलं काम, लेयरच्या नावावर राइट क्लिक करा आणि झूम टू लेयर करा. लेयर जिथं जाऊन पडलाय तिथं तुम्ही पोचाल. मग खाली साधा बेसमॅप, म्हणजे पाठीमागचा तयार नकाशा, चालू करा आणि आपण जगात कुठं आलोय ते नीट बघा, गावाचं नाव वाचा, समुद्र असेल तर कुठला ते बघा. हे न करता लोक थेट सेटिंगमध्ये जाऊन बटणं दाबत सुटतात आणि मग मूळ फाइलचं काय होतं ते त्यांनाही कळत नाही. लेयर उगाच भरकटत नाही ओ, तो चुकीच्या हिशोबानं अगदी बरोब्बर जागी जाऊन बसतो, त्यामुळं कुठं गेला ते कळलं की कुठला हिशोब चुकला ते बहुतेक वेळा तिथंच कळतं.

थोडं बेसिक आधी सांगतो नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. फाइलमध्ये जागा म्हणून जे साठवलेलं असतं ते नुसते दोन आकडे. ते कुठल्या पद्धतीत मोजलेत हे सांगणारं लेबल म्हणजे सीआरएस, आणि त्याचा नंबर म्हणजे ईपीएसजी कोड. बेळगाव शहर घ्या. अक्षांश-रेखांशात ते साधारण १५.८५ आणि ७४.५०, ही पद्धत म्हणजे डब्ल्यूजीएस ८४, कोड ईपीएसजी ४३२६, मोबाइलचं जीपीएस हेच देतं आणि गूगल अर्थची केएमएल फाइल कायम यातच असते. हेच बेळगाव मीटरमध्ये सांगायचं झालं तर यूटीएम. त्यात पृथ्वीचे ६० उभे पट्टे केलेत, एकेक ६ अंशाचा, आपला पट्टा ४३ नंबरचा, रेखांश ७२ ते ७८, कोड ३२६४३. या पट्ट्याची मधली रेघ ७५ अंशावर आहे आणि ती बरोबर धारवाडमधून जाते म्हटलं तरी चालेल. त्या रेघेला शून्य न म्हणता ५ लाख मीटर म्हणतात, म्हणजे पश्चिमेकडचे आकडे मायनसमध्ये जात नाहीत. बेळगाव रेघेच्या पश्चिमेला साडेत्रेपन्न किलोमीटरच्या आसपास, म्हणून बेळगावचा पहिला आकडा येतो ४ लाख ४६ हजारांच्या घरात आणि विषुववृत्तापासून वर मोजलेला दुसरा आकडा १७ लाख ५२ हजारांच्या घरात. तिसरी पद्धत वेब मर्केटर, कोड ३८५७, मोबाइल-ब्राउझरमधले नकाशे ज्यावर चालतात ती. तिच्यात बेळगाव ८२ लाख ९३ हजार आणि १७ लाख ८७ हजार.

या तीन जोड्या पाठ करा नाहीतर लिहून मॉनिटरला चिकटवा. लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये इन्फॉर्मेशनचं पान आहे, तिथं एक्स्टेंट म्हणून चार आकडे दिसतात, ते बघितले की लेयर खरा कुठल्या पद्धतीत आहे ते कळतं, वर लेबल काहीही असो. ७४ आणि १५ दिसलं तर अंश. ४ लाख आणि १७ लाख दिसलं तर यूटीएम ४३. ८२ लाख दिसलं तर वेब मर्केटर. दोन्ही आकडे ३० लाखांच्या वर असतील तर ती बहुतेक राष्ट्रीय एलसीसी पद्धत, अख्ख्या देशासाठी एकच धरलेली. आणि पहिला आकडा २००, दुसरा ३५० असलं काहीतरी दिसलं तर ते कॅडमध्ये काढलेलं ड्रॉइंग आहे, त्याला पृथ्वीवर जागाच दिलेली नाही, ते जिओरेफरन्स करावं लागणार, म्हणजे ओळखीचे पॉइंट देऊन जागेवर बसवावं लागणार, सीआरएस बदलून काही होणार नाही.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथं होतो ते. क्यूजीआयएसमध्ये दोन वेगळी कामं आहेत आणि नव्या माणसाला ती एकच वाटतात. एक, सेट लेयर सीआरएस. दुसरं, रीप्रोजेक्ट, किंवा एक्स्पोर्ट करून सेव्ह फीचर्स अ‍ॅज मध्ये नवा सीआरएस देणं. पहिलं काम फक्त लेबल बदलतं, आकड्यांना हातच लावत नाही. दुसरं काम आकडे खरोखर बदलून नवी फाइल बनवतं. कुंद्याच्या डब्यात चिरमुरे भरले आणि वर कुंदाच लिहिलेलं राहिलं तर चिरमुऱ्याचा कुंदा होत नाही, फक्त घरी नेणाऱ्याची फसगत होते, सेट लेयर सीआरएस म्हणजे ते वरचं लेबल. लेबल चुकलंय किंवा नाहीच आहे तेव्हाच ते वापरायचं. आकडे आणि लेबल दोन्ही बरोबर आहेत पण तुम्हाला मीटरमध्ये पाहिजे, तर रीप्रोजेक्ट. लोक उलटं करतात, अंशातल्या चांगल्या लेयरवर ३२६४३ चं लेबल लावतात, लेयर गायब होतो, मग घाबरून तसाच रीप्रोजेक्ट करतात आणि चुकीच्या लेबलवरून खरोखर चुकलेले आकडे तयार होतात. आता ही नवी फाइल कुठलंही लेबल लावून सुधारणार नाही, मूळ फाइलवरच परत जावं लागतं, ती जपून ठेवली असली तर.

प्रोजेक्टचा सीआरएस, जो खाली उजव्या कोपऱ्यात दिसतो, तो तिसरीच गोष्ट. तो फक्त दाखवण्यापुरता. क्यूजीआयएस ३ पासून वेगवेगळ्या पद्धतीतले लेयर तो आपोआप एकमेकांवर बसवून दाखवतो, म्हणून लेबलं बरोबर असतील तर खालचा कोड काहीही असला तरी लेयर जुळायलाच पाहिजेत. जुळत नाहीत म्हणजे कुठल्यातरी लेयरचं लेबल खोटं आहे किंवा आकडेच चुकलेत, त्यामुळं खालचं बटण बदलत बसू नका.

लेबल हरवतं कसं ते पण ऐका. शेपफाइल म्हणजे एक फाइल नाही, चार-पाच फाइलींचा घोळका आहे, एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, आणि सीआरएस ज्यात लिहिलेला असतो ती पीआरजे. आपल्याकडं कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती एसएचपी पाठवतो आणि म्हणतो पाठवलो की. झिप करून सगळंच मागा. लेयरच्या नावासमोर प्रश्नचिन्ह दिसतंय म्हणजे पीआरजे आलेली नाही. आणि ओघात निघालं म्हणून, गावांची नावं कन्नडमध्ये किंवा मराठीत असली आणि टेबलमध्ये चित्रविचित्र अक्षरं दिसायला लागली तर अक्षरांची पद्धत सांगणारी सीपीजी फाइल राहिलीय, सोर्समध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ करून बघा, हा नकाशाचा प्रॉब्लेम नाही.

आता कुठं पळाला ते बघू.

लेयर आंध्रात, बापटलाच्या आसपास समुद्रकाठी जाऊन पडलाय? झोन चुकला. तुमचे आकडे ४३ चे आहेत आणि लेबल ४४ चं, म्हणजे ३२६४४. पट्टे ६ अंशाचे, त्यामुळं बेळगाव सरळ ६ अंश पूर्वेला सरकतं, अक्षांश तोच राहतो, ७४.५० चं ८०.५० होतं आणि तिथं बापटला आहे. हे घडतं कारण ७८ अंशाची रेघ महाराष्ट्राच्या पूर्व भागातून जाते, नागपूर-गडचिरोली ४४ मध्ये येतात, तिकडं काम केलेल्या माणसाचा टेम्प्लेट किंवा तिकडचा व्हिडिओ बघून लोक तोच कोड टाकतात. आपल्या बेळगाव जिल्ह्यात, कोल्हापूर-सांगलीत, धारवाड-कारवारात सगळीकडं ४३ च. उपाय दोन सेकंदाचा, सेट लेयर सीआरएस, ३२६४३, झालं. इथं रीप्रोजेक्ट करायचं नाही.

लेयर नॉर्वेच्याही वर, बेअर आयलंडच्या पश्चिमेला बर्फाळ समुद्रात? अक्षांश-रेखांश उलटे पडलेत. एक्सेल किंवा सीएसव्ही आत घेताना एक्स म्हणजे रेखांश, ७४ वाला, आणि वाय म्हणजे अक्षांश, १५ वाला. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो म्हणून हात तिकडं जातो.

मालदीवच्या पश्चिमेला विषुववृत्तावर सगळा जिल्हा एका ठिपक्यात गोळा झालाय? अंशातल्या आकड्यांवर यूटीएम ४३ चं, मीटरचं लेबल लागलंय. ७४.५ म्हणजे मधल्या रेघेच्या ५ लाख मीटर पश्चिमेला जो शून्य येतो तिथून साडेचौऱ्याहत्तर मीटर असं सॉफ्टवेअर समजतंय, त्यात त्याचा काय दोष. लेबल ४३२६ करा. आणि आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात एखाददुसराच पॉइंट गेलेला दिसला तर तो ०, ० आहे, म्हणजे त्या ओळीत आकडाच भरलेला नाही, टेबल उघडून रिकामी ओळ शोधा.

पॉइंट बेळगावचे पण दिसतात खानापूरच्या खाली भीमगड-कॅसलरॉकच्या जंगल पट्ट्यात, हा जरा चकवणारा प्रकार आहे कारण जिल्हा जवळपास तोच दिसतो आणि माणूस म्हणतो जीपीएसच खराब. जीपीएस चाळीस किलोमीटर चुकत नाही. इथं अंश-मिनिटं आहेत तशी दशांशात टाकलेली असतात. १५ अंश ५१ मिनिटं म्हणजे १५.८५, कारण ५१ ला ६० नं भागायचं, पण फॉर्मवर १५.५१ असं लिहिलं जातं. ७४ अंश ३० मिनिटं म्हणजे ७४.५०, लिहिलं जातं ७४.३०. दक्षिणेला साडेसदतीस किलोमीटर आणि पश्चिमेला एकवीस किलोमीटर पॉइंट सरकला. ओळखायची खूण सोपी, सगळी यादी चाळून बघा, दशांशानंतरचे पहिले दोन अंक कुठंच ५९ च्या वर जात नसतील तर ती मिनिटं आहेत. अक्षांशाचा एक सेकंद जमिनीवर ३१ मीटरला थोडा कमी, म्हणजे सेकंद गाळून नुसती मिनिटं ठेवली तरी किलोमीटर-दीड किलोमीटर सहज जातो.

याच्याच जवळचा भाऊबंद म्हणजे एक्सेलनं कापलेले दशांश. पॉइंट रांगोळीच्या ठिपक्यांसारखे सरळ ओळीत मांडलेले दिसले तर समजा आकडे दोन-तीन दशांशांवर आणून ठेवलेत. पाचवा दशांश म्हणजे साधारण एक मीटर, चौथा अकरा मीटर, दुसऱ्या दशांशावर थांबलात तर पाचशे मीटर इकडं की तिकडं काय सांगता येत नाही. कमीत कमी सहा ठेवा.

आता जिथं खरं डोकं खर्च होतं ते. लेयर गावातच आहे, आकार बरोबर आहे, पण सगळा शे-दीडशे मीटर आग्नेयेला सरकलाय, रस्ता शेतातून आणि मार्कंडेय नदी काठावरच्या उसातून जाताना दिसते. असं दिसलं की पहिला प्रश्न, मूळ नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचं जुनं टोपोशीट, म्हणजे त्यांचा छापील नकाशा, आहे काय? कारण जुनी शीटं डब्ल्यूजीएस ८४ वर नाहीतच. पृथ्वी हा नीट गोळा नाही, दोन्ही टोकांना थोडी दबलेली आहे, आणि त्या शीटांच्या हिशोबासाठी तिचा जो आकार धरला तो जॉर्ज एव्हरेस्टनं १८३० मध्ये ठरवलेला. त्याची त्रिज्या आजच्या आकारापेक्षा आठ-साडेआठशे मीटरनं कमी, आणि सगळ्या मोजणीचं मूळ ठाणं मध्य प्रदेशातलं कल्याणपूर. त्यामुळं जुन्या शीटवर छापलेला १५ अंश ५० मिनिटं आणि मोबाइलवरचा १५ अंश ५० मिनिटं ही जमिनीवर दोन वेगळी ठिकाणं, आपल्या भागात त्यांच्यात साधारण दीडशे मीटरचा फरक पडतो. अंश तोच, आकडा तोच, तरी जागा वेगळी, हे एकदा मान्य केलं की पुढं त्रास नाही. यालाच डेटम म्हणतात.

शीट जुनं की नवं हे नंबरवरून कळतं. जुन्या नंबरात बेळगाव शहर ४८ आय मध्ये आणि निपाणी ४७ एल मध्ये येते, कारण १६ अंशाची रेघ दोघांच्या मधून जाते, म्हणून अख्ख्या जिल्ह्याचं काम करणाऱ्याला दोन्हीकडची शीटं गोळा करावी लागतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर जी ओपन सीरीज शीटं आली ती डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर आहेत, त्यांचे नंबर आपल्याकडं डी ४३ नाहीतर ई ४३ नं सुरू होतात, ती सरळ बसतात. जुनं शीट स्कॅन करून जिओरेफरन्स करताना कोपऱ्यावरचे अंश टाकायचे आणि टार्गेट सीआरएस ४३२६ न देता कल्याणपूर १९७५ द्यायचा, कोड ४१४६. मग ते रीप्रोजेक्ट करून ३२६४३ मध्ये आणायचं, मधला फरक सॉफ्टवेअर स्वतः काढतं. काही लोक सरळ लेयर हातानं उचलून नदीवर नदी बसवतात. दिसायला जमतं पण पुढच्या शीटला परत तेच, आणि कुणी किती सरकवलं याची नोंद कुठंच राहत नाही, मला हे अजिबात पटत नाही.

सरकणं सगळीकडं सारखं आहे की नाही हे मात्र आधी तपासा. लेयरच्या चार कोपऱ्यांतल्या चार ओळखीच्या जागा घ्या, देवळाचा कोपरा, रेल्वे क्रॉसिंग, जुना पूल, कॅनॉलचा वळसा, आणि चारही ठिकाणी अंतर आणि दिशा मोजा. चारही एकसारखी आली तर डेटमचा किंवा सीआरएसचा विषय. एका कोपऱ्यात १० मीटर, दुसऱ्यात ६० आणि तेही उलट दिशेला, तर तो कागदाचा विषय आहे, स्कॅन वाकडं आहे, कापडावर चिकटवलेला नकाशा आक्रसलाय, किंवा जिओरेफरन्सचे पॉइंट चुकलेत. गाव नकाशांचं हेच असतं. बरेच गाव नकाशे ८ इंचाला १ मैल, म्हणजे १:७९२० या प्रमाणातले, त्यांच्यावर अक्षांश-रेखांश नाहीत, ते ३३ फुटी साखळीनं मोजून काढलेले. त्यांना सीआरएस नसतोच, म्हणून विचारू नका "याचा कोड काय". तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात तिथले दगड, ओढ्याचे संगम, जुन्या विहिरी असे पॉइंट पसरून घ्या, सगळे गावठाणाच्या भोवती गोळा करू नका, लोक तेच करतात कारण तिथं ओळखायला सोपं जातं, मग शिवेकडचे नंबर पळतात.

गुंठ्यांचा प्रश्न वेगळा येतो पण मूळ तेच. "दादा, उताऱ्यावर १ एकर म्हणजे ४० गुंठे आहे, नकाशात ४३ गुंठ्यांच्या वर येतंय, शेजाऱ्यानं खाल्लंय की आपणच खाल्लंय?" कुणीच खाल्लेलं नाही. लेयर ३८५७ मध्ये आहे आणि क्षेत्रफळ त्या सपाट आकड्यांवरून काढलंय. वेब मर्केटर विषुववृत्तापासून वर जाईल तसं सगळं फुगवत नेतं, आपल्या अक्षांशावर लांबी ४ टक्के आणि क्षेत्रफळ ८ टक्क्यांहून जास्त वाढतं. भांडणाच्या जमिनीत ८ टक्के म्हणजे काय ते सांगायला नको. उलट लेयर ४३२६ मध्ये असेल तर उत्तर ०.००००००३४ असलं काहीतरी येतं, कारण ते चौरस अंश आहेत. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये नुसतं एरिया हे फंक्शन वापरलं की असं होतं, त्याच्या ऐवजी डॉलर चिन्ह लावलेलं एरिया वापरा, ते पृथ्वीचा गोल आकार धरून मोजतं, नाहीतर लेयर आधी ३२६४३ मध्ये रीप्रोजेक्ट करून घ्या. यूटीएममध्ये बेळगावजवळ फरक एकराला ३ चौरस मीटरच्या आसपास, तो सोडून द्या.

त्यात आपल्याकडं एककांचं दुहेरी आहे. अलीकडं बेळगावात उताऱ्यावर एकर-गुंठे, पलीकडं शिनोळी-चंदगडकडं सातबाऱ्यावर हेक्टर-आर. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद, ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट, तो झाला गुंठा, १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे पुरे १०० चौरस मीटर. बोलण्यात दोन्ही एकच धरतात आणि थोड्या जमिनीत चालूनही जातं, पण हेक्टर म्हणजे १०० गुंठे नाहीत, ९८.८४ आहेत. सीमेच्या दोन्ही बाजूंना जमीन असलेली घरं आपल्याकडं कमी नाहीत, टेबलमध्ये दोन्हीकडचे आकडे एकाच कॉलममध्ये टाकायच्या आधी सगळं चौरस मीटरमध्ये करून घ्या.

बांधावर मोबाइल घेऊन उभं राहिल्यावर निळा ठिपका शेजारच्या नंबरात दिसतो म्हणून पण लोक विचारतात. फोनचं जीपीएस मोकळ्या आभाळाखाली पाचेक मीटर इकडंतिकडं असतं, काजूच्या बागेत किंवा घराच्या भिंतीला लागून त्याहून जास्त. बांध किती रुंद असतो? त्यावर मोबाइलनं हद्द ठरत नाही, त्याला मोजणीच लागते.

शेवटचं, बाची आणि शिनोळीच्या मधली रेघ. कर्नाटकाकडचा गावांचा लेयर आणि महाराष्ट्राकडचा लेयर एकत्र टाकला की राज्याच्या हद्दीवर कुठं फट राहते, कुठं एकमेकांवर चढतात, आणि लगेच सीआरएस बदलायला घेतात. दोन्हीचे आकडे तपासा, लेबल तपासा, आतल्या बाजूची देवळं-रस्ते जुळतात का बघा. ते जुळत असतील तर सीआरएसला हात लावू नका. दोन माणसांनी दोन वेगळ्या नकाशांवरून, वेगळ्या प्रमाणावरून तीच रेघ आपापल्या हातानं काढलीय, ती तंतोतंत येणारच नाही. कामापुरतं कुठलीतरी एक रेघ प्रमाण धरायची, दुसऱ्या लेयरची कड स्नॅप करून तिच्यावर आणायची, आणि कुठली धरली ते लेयरच्या मेटाडेटात लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या दुसऱ्यानं तीच फाइल उघडली तर त्याला विचारत फिरावं लागणार नाही.